जुना स्लाइड प्रोजेक्टर घेताना: मशीन सगळ्यात शेवटी

माळ्यावर स्लाइड्सच्या, म्हणजे छोट्या चौकटीत बसवलेल्या पारदर्शक फोटो-फिल्मच्या, डब्या सापडल्या की बहुतेक जण लगेच प्रोजेक्टर शोधायला निघतात. या वाटेला नव्याने येणाऱ्यांना माझं सांगणं नेमकं उलटं असतं. आधी हातातल्या स्लाइड्स नीट बघा. त्या कोणत्या ट्रेमध्ये (स्लाइड्स ओळीने भरून मशीनला लावायच्या खोक्यात) बसतील ते ठरवा. त्या ट्रेवर चालणाऱ्या मशीनला कोणता बल्ब लागतो आणि तो आज मिळतो का, याची खात्री करा. मग मशीनकडे वळा. जुनं मशीन मिळणं अवघड नाही. ट्रे, बल्ब किंवा लेन्स न मिळाल्यामुळेच बहुतेक प्रोजेक्टर पुन्हा माळ्यावर जातात.

कोडॅकने २००४ मध्ये स्लाइड प्रोजेक्टर बनवणं बंद केलं. त्यामुळे आज जे हाती लागेल ते जवळपास सगळं वापरलेलंच असणार, हे धरून चाला. स्लाइडची फिल्म मात्र संपलेली नाही. कोडॅकची एक्टाक्रोम २०१८ मध्ये परत आली, फुजीच्या वेल्व्हिया आणि प्रोव्हियावर आजही लोक फोटो काढतात. म्हणजे हा लेख आजोबांच्या डब्या उघडणाऱ्यांसाठी आहे, तसा नवीन रोल भरणाऱ्यांसाठीही आहे.

स्लाइड्स स्कॅन करून ठेवाव्यात, ते जरूर करा. पण स्लाइड म्हणजे त्या दिवशी कॅमेऱ्यात असलेली तीच फिल्म. तिच्यातून आरपार गेलेला उजेड भिंतीवर चार-पाच फूट पसरतो, तेव्हा सावलीतले आणि आकाशातले जे रंग दिसतात ते मोबाइलच्या पडद्यावर येत नाहीत. एवढ्यासाठी हा खटाटोप करावा असं मला मनापासून वाटतं.

आधी स्लाइड ओळखा

नेहमीची स्लाइड म्हणजे ३५ मिमी फिल्मचा एक तुकडा. चित्र २४ × ३६ मिमी, बाहेरची फ्रेम ५० × ५० मिमी, म्हणजे साधारण दोन इंच चौरस. बाजारातले बहुतेक प्रोजेक्टर याच फ्रेमसाठी बनलेले आहेत. १२६ फिल्मवरची चौकोनी चित्रं आणि १२७ फिल्मवरची ४० × ४० मिमीची ‘सुपरस्लाइड’ही याच मापाच्या फ्रेममध्ये येतात. त्याही चालतात, फक्त सुपरस्लाइडचे कोपरे काही मशीनमध्ये काळवंडलेले दिसतात. ६ × ६ सेंमीची स्लाइड ७ × ७ सेंमीच्या फ्रेममध्ये असते आणि तिला वेगळं, मोठं मशीन लागतं. नवख्याने त्या फंदात लगेच पडू नये.

काचेच्या, सव्वातीन इंच चौरसाच्या स्लाइड्स सापडल्या, तर त्या मॅजिक लँटर्नच्या, म्हणजे काचेवरची चित्रं दिव्याच्या उजेडाने पडद्यावर दाखवणाऱ्या जुन्या यंत्राच्या, काळातल्या. कल्याणच्या महादेव गोपाळ पटवर्धनांनी १८९२ मध्ये ‘शांबरिक खरोलिका’ या नावाने हातांनी रंगवलेल्या काचांचे खेळ सुरू केले, त्याच कुळातली ही वस्तू. अशा काचा घरच्या प्रोजेक्टरमध्ये घालायच्या नसतात. प्रत्येक काच वेगळ्या कागदात गुंडाळून उभी ठेवा आणि जाणकाराला दाखवा.

आता फ्रेम बघा. पुठ्ठ्याची फ्रेम पातळ असते, पण तिचे कोपरे वर्षानुवर्षांत फुगतात आणि फाटतात. असा एक कोपरा मशीन अडकवायला पुरेसा आहे. प्लॅस्टिकची फ्रेम जास्त भरवशाची. काचेत बंद केलेली स्लाइड जाड आणि जड असते. ती गरम झाली तरी वाकत नाही, पण फिल्म आणि काच चिकटली की मध्ये इंद्रधनुषी वलयं उमटतात आणि आपल्या दमट हवेत आत ओल अडकते. कोपरे फाटलेल्या स्लाइड्स नव्या प्लॅस्टिक फ्रेममध्ये घालून घ्या. दोन भागांच्या, दाबून बंद होणाऱ्या रिकाम्या फ्रेम मिळतात.

फ्रेमवर बऱ्याचदा फिल्मचं नाव छापलेलं असतं, डेव्हलप केल्याचा महिना आणि सालही असतं. कोडाक्रोम, म्हणजे कोडॅकची जुनी स्लाइड फिल्म, असेल तर एक गोष्ट लक्षात ठेवा. अंधारात ती पिढ्यानपिढ्या रंग धरून राहते, पण प्रोजेक्टरच्या उजेडात इतर फिल्मपेक्षा लवकर फिकी पडते. अशी स्लाइड पडद्यावर अर्ध्या मिनिटाहून जास्त थांबवू नका आणि वारंवार दाखवू नका. पुन्हा ती तयार होणार नाही. कोडाक्रोम डेव्हलप करणाऱ्या जगातल्या शेवटच्या लॅबने, अमेरिकेतल्या कॅन्ससच्या ड्वेन्स फोटोने, २०१० च्या अखेरीस ते काम थांबवलं.

बुरशी लागलेली स्लाइड उजेडासमोर धरली की कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे दिसतात. ती बाकीच्यांपासून लगेच वेगळी करा. धूळ फक्त रबरी ब्लोअरने आणि मऊ ब्रशने काढायची. पाणी लावू नका, कारण बुरशीने खाल्लेला जिलेटिनचा थर पाण्यात सुटून येतो.

ट्रे: सगळा हिशेब इथून सुरू होतो

प्रोजेक्टरचे दोन मोठे परिवार आहेत. एकात गोल ट्रे मशीनच्या डोक्यावर आडवा बसतो आणि स्लाइड स्वतःच्या वजनाने खाली पडते. दुसऱ्यात लांब, सरळ ट्रे बाजूने सरकतो आणि एक पट्टी स्लाइडला आत ढकलते, बाहेर ओढते.

गोल ट्रेचा राजा म्हणजे १९६१ मध्ये आलेला कोडॅक कॅरोसेल. त्याचे ट्रे ८० आणि १४० स्लाइड्सचे मिळतात. १४० चा बघून मोह होतो, पण त्याचे कप्पे अरुंद असतात. पातळ, सरळ फ्रेमच त्यात धड पडतात. काचेच्या स्लाइड्स त्यात जातच नाहीत आणि वाकलेला पुठ्ठा अडकतो. नवख्याने डोळे मिटून ८० चा घ्यावा. ट्रेसोबत वरची कुलूप-कडी आहे ना ते बघा, नसली तर ट्रे उलटताच सगळ्या स्लाइड्स जमिनीवर. ट्रे उलटा करून तळाची धातूची चकतीही तपासा. ती वाकलेली असेल तर तो ट्रे घेऊ नका.

सरळ ट्रेमध्ये युरोपीय मशीन येतात: लायका प्रॅडोव्हिट, ब्राउन, रोलाय, किंडरमान, झाइस इकॉन. यांच्यात सगळ्यात सर्वत्र चालणारा ट्रे म्हणजे ३६ किंवा ५० स्लाइड्सचा ‘युनिव्हर्सल’ किंवा डीआयएन ट्रे. त्यानंतर ‘एलकेएम’, जो तेवढ्याच लांबीत जास्त स्लाइड्स बसवतो आणि म्हणून पातळ फ्रेम मागतो. तिसरा ‘सीएस’, आगफाच्या पद्धतीचा, त्याला त्याच धाटणीच्या फ्रेम लागतात. काही मशीन हे तिन्ही घेतात, काही एकच. विकणाऱ्याला हे ठाऊक असेलच असं नाही. ट्रेच्या बाजूवर कोरलेलं नाव स्वतः वाचा.

गोल दिसला म्हणजे ट्रे कॅरोसेलचाच, असंही समजू नका. अमेरिकन सॉयर्स कंपनीचा गोल ट्रे मशीनच्या बाजूला उभा बसतो. एअरइक्विप्टच्या ट्रेमध्ये प्रत्येक स्लाइडला धातूची वेगळी चौकट लागते, बेल अँड हॉवेलच्या एका मालिकेला छोटे चौकोनी डबे लागतात. मशीन आणि भरपूर ट्रे एकत्र मिळत असतील तरच यांचा विचार करा.

बल्ब आणि वीज

महाराष्ट्रात बसून अमेरिकन मशीन घेणाऱ्यांची इथेच सगळ्यात जास्त फसगत होते, म्हणून हा भाग सावकाश वाचा.

अमेरिकेतले कॅरोसेल १२० व्होल्ट, ६० हर्ट्झवर चालतात. आपल्याकडे २३० व्होल्ट, ५० हर्ट्झ. व्होल्टेज कमी करायला स्टेपडाउन ट्रान्सफॉर्मर लागतो. बल्ब ३०० वॉटचा, वर पंख्याची मोटर, म्हणून किमान ५०० व्हीएचा घ्या आणि तो लोखंडी गाभ्याचा, हाताला जड लागणारा असू द्या. प्रवासात वापरायचे हलके इलेक्ट्रॉनिक कन्व्हर्टर मोटरला मानवत नाहीत. ट्रान्सफॉर्मरने व्होल्ट बदलतात, हर्ट्झ बदलत नाहीत. त्यामुळे मोटर साधारण एक षष्ठांशाने हळू फिरते, पंख्याचा वारा कमी होतो आणि आतली उष्णता वाढते. अशा मशीनवर दिव्याचं बटण ‘लो’वर ठेवा आणि अर्ध्या तासाने विश्रांती द्या.

म्हणून भारतात वापरायचं असेल तर माझं स्पष्ट मत युरोपीय मशीनच्या बाजूने आहे. कॅरोसेलच हवा असेल तर कोडॅकने जर्मनीत, श्टुटगार्टला बनवलेला ‘एस-एव्ही’ शोधा. तो बांध्याने भक्कम आहे, त्याला ८० चा गोल ट्रे लागतो. प्लग लावण्याआधी मशीनवरचा व्होल्टेज निवडायचा खटका योग्य आकड्यावर आहे ना, ते बघायला विसरू नका. आणि ‘एस-एव्ही’ बऱ्याचदा लेन्सशिवाय विकला जातो, हेही विचारून घ्या.

बल्बची ओळख तीन अक्षरी संकेतावरून होते. हॅलोजन कॅरोसेलमध्ये (ज्यांच्या नावात शेवटी ‘एच’ असतो, उदाहरणार्थ ७६० एच) बहुधा ‘ईएलएच’ किंवा ‘ईएनएच’ असतो. ईएलएच ३०० वॉटचा, लखलखीत, पण आयुष्य ३५ तासांचं. ईएनएच २५० वॉटचा, थोडा मंद, पण १७५ तास टिकतो. घरच्या खोलीत दुसराच घ्यावा. कोडॅकच्याच एक्टाग्राफिक ३ या शाळा-कॉलेजांसाठीच्या मालिकेत ‘ईएक्सआर’ लागतो. तो दिसायला ईएलएचसारखाच, पण ८२ व्होल्टचा. दिसण्यावरून अदलाबदल करू नका. १९६०च्या दशकातल्या बिनहॅलोजन कॅरोसेलचे मोठे नळीसारखे बल्ब आता शोधत फिरावं लागतं. असं मशीन कुणी फुकट दिलं तरी आधी बल्ब बघा.

युरोपीय मशीनमध्ये बहुधा २४ व्होल्टचे, दोन पिनांचे छोटे बल्ब असतात: १५० वॉटचा ‘एफसीएस’ आणि २५० वॉटचा ‘ईएचजे’. यांचा मोठा फायदा असा की अशाच जातीचे बल्ब सूक्ष्मदर्शकांत आणि दवाखान्यातल्या दिव्यांतही वापरतात. फोटोच्या दुकानात नाही म्हणाले तर प्रयोगशाळेचं आणि वैद्यकीय सामान विकणाऱ्यांकडे व्होल्ट, वॉट आणि पिनांमधलं अंतर सांगून विचारा. मुंबईत प्रिन्सेस स्ट्रीटचा परिसर त्यासाठी बरा. ट्रान्सफॉर्मरसाठी लोहार चाळ, पुण्यात बुधवार पेठेतली तपकीर गल्ली.

हॅलोजन बल्बच्या काचेला बोट लावायचं नाही. बोटाचं तेल तापून काच तिथेच फुगते किंवा तडकते. कागदात धरून बसवा, चुकून हात लागलाच तर स्पिरिटने पुसा. हल्ली त्या जागी बसणारे एलईडी दिवेही येतात. ते थंड राहतात हे खरं, पण लाल रंग आणि त्वचेचे रंग बऱ्याचदा निर्जीव दिसतात. मी हॅलोजनच वापरतो.

लेन्स आणि खोली

एक सोपं सूत्र पाठ करा: चित्राची रुंदी = अंतर × ३६ ÷ लेन्सची फोकल लांबी (लेन्सवर लिहिलेला मिमीचा आकडा). तीन मीटरवरून १०० मिमीच्या लेन्सने चित्र १.०८ मीटर रुंद पडेल, ९० मिमीने १.२० मीटर, ६० मिमीने १.८० मीटर. आपल्या फ्लॅटमधल्या हॉलला ८५ ते १०० मिमी पुरते. दीडशे मिमीची लेन्स सभागृहाची, घरी ती भिंतीवर पोस्टकार्ड दाखवेल. कॅरोसेलसोबत १०२ ते १५२ मिमीची झूम लेन्स पुष्कळदा येते. सोय चांगली, पण कडांना साध्या १०२ मिमीची धार सरस.

लेन्सवर ‘सी’ किंवा ‘सीएफ’ असं लिहिलेलं असेल तर ती पुठ्ठ्याच्या, किंचित फुगणाऱ्या स्लाइड्ससाठी घडवलेली आहे. ‘एफएफ’ म्हणजे काचेतल्या सपाट स्लाइड्ससाठी. उलट जोडी लावली तर मधला भाग स्पष्ट आणि कडा पुसट दिसतात, आणि माणूस उगाच मशीनला दोष देतो. वेगळी लेन्स घेण्याआधी नळीचा बाहेरचा व्यास मोजा. अनेक जर्मन मशीनमध्ये तो ४२.५ मिमी असतो, कॅरोसेलचा वेगळा.

पडदा चौरस हवा, कारण उभ्या स्लाइड्सही येणारच. बिनचकाकीचा पांढरा रंग दिलेली सपाट भिंत उत्तम. जुने चमकत्या मण्यांचे पडदे समोरून झगझगीत, पण बाजूला बसलेल्यांना अंधूक दिसतात.

कुठे शोधायचं, घेताना काय बघायचं

पुण्याचा जुना बाजार रविवारी आणि बुधवारी भरतो. मुंबईत चोर बाजारातली मटन स्ट्रीट आणि फोर्टातली जुन्या कॅमेऱ्यांची दुकानं. याहून चांगला झरा म्हणजे ओळखीपाळखी: निवृत्त प्राध्यापक, डॉक्टर, वास्तुविशारद, गिर्यारोहण मंडळं. एकेकाळी या सगळ्यांचं बोलणं स्लाइड्सवाचून होत नसे. त्यांच्याकडचं मशीन जपलेलं असतं आणि ट्रे, रिमोट, माहितीपुस्तिका एकाच खोक्यात मिळतात. परदेशातल्या नातेवाइकांना मशीन आणायला सांगू नका, वजन आणि हर्ट्झ दोन्ही आडवे येतात. त्यांच्याकडून रिकामे ट्रे आणि बल्ब मागवा. अमेरिकेत गराज सेल आणि जुन्या वस्तूंची धर्मादाय दुकानं, जर्मनीत रविवारचे फ्लोमार्क्ट म्हणजे जुने बाजार, इथे ते मिळून जातात. तुम्हीच तिकडे राहत असाल तर तिथल्या विजेवरचं मशीन बिनधास्त घ्या.

मशीन समोर आलं की आधी वायर बघा. तडकलेली, कडक झालेली असेल तर चालू करायला सांगू नका. मग आधी नुसता पंखा. तो घरघर न करता फिरला पाहिजे आणि समोरून वारा लागला पाहिजे. त्यानंतर दिवा. मग स्वतःची एक टाकाऊ स्लाइड घालून पुढे, मागे, पुढे असं दहा-बारा वेळा चालवा. जुन्या वंगणाचा डिंक होतो, त्यामुळे सुरुवातीला चाल मंद असते. चार-पाच फेऱ्यांत सुधारली तर ठीक, नाही तर उघडून साफ करायचं काम आहे असं समजून भाव करा. लेन्स काढून आत डोकवा: आतल्या कंडेन्सरवर (दिव्याचा उजेड स्लाइडवर एकवटणाऱ्या भिंगावर) बुरशी आहे का, आणि दिवा व स्लाइड यांच्यामधली उष्णता अडवणारी काच जागेवर, न तडकलेली आहे का. ही काच नसेल तर मशीन घेऊ नका. पहिल्याच खेळात स्लाइड जळेल.

रिमोटची वायर आणि तिचा प्लग प्रत्येक परिवारात वेगळा. तो मशीनसोबतच आला तर उत्तम, नंतर शोधणं जिकिरीचं.

पहिला खेळ

स्लाइड भरायची रीत एकदा हाताला बसली की विसरत नाही. स्लाइड उजेडासमोर अशी धरा की चित्र सुलट आणि अक्षरं बरोबर वाचता येतील. फ्रेमच्या खालच्या डाव्या कोपऱ्यात पेन्सिलने टिंब करा. आता तशीच डोक्यावर उलटी करा, म्हणजे टिंब वरच्या उजव्या कोपऱ्यात येईल. पडद्याकडे तोंड करून मशीनमागे उभं राहिल्यावर स्लाइड या स्थितीत आत गेली पाहिजे. सगळ्या स्लाइड्सना टिंब केलंत की भरलेल्या ट्रेवर नजर टाकताच चुकलेली स्लाइड कळते.

गोल ट्रे शून्यावर ठेवून बसवा आणि शून्यावर आणूनच काढा. मधेच ओढला तर तळाची चकती सरकते. स्लाइड अडकलीच तर जोर लावू नका. वीज बंद करा, ट्रेच्या मधोमध असलेला स्क्रू नाण्याने फिरवा आणि ट्रे अलगद वर उचला. अडकलेली स्लाइड काढा. मग कुलूप-कडी घट्ट आहे ना ते बघून ट्रे उलटा धरा आणि तळाची चकती खटका बसेपर्यंत फिरवा. त्याशिवाय ट्रे पुन्हा बसणार नाही.

स्लाइड पडद्यावर आल्यावर काही सेकंदांनी आपोआप पुसट होते, हा बिघाड नव्हे. थंड फिल्म तापून फुगते. एकदा ती स्थिरावली की फोकस करा. ऑटोफोकस असलेलं मशीन हे स्वतः करतं. प्रत्येक स्लाइडला पंधरा-वीस सेकंद पुरतात, आणि एका बैठकीला एक ट्रे. पाहुण्यांना दोनशे स्लाइड्स दाखवू नका.

संपल्यावर दिवा बंद करून पंखा पाच मिनिटं चालू राहू द्या. तापलेला बल्ब हलवला की त्याची तार तुटते, म्हणून मशीन थंड झाल्यावरच उचलायचं.

पावसाळ्यात ट्रे मशीनवर ठेवू नका. स्लाइड्स हवाबंद डब्यात सिलिका जेलसोबत, घरातल्या सगळ्यात कोरड्या कपाटात, बाहेरच्या भिंतीपासून दूर ठेवा. जेलचा रंग बदलला की तापवून पुन्हा वापरा. मशीन महिन्यातून एकदा दहा मिनिटं नुसत्या पंख्यावर आणि रिकाम्या ट्रेने चालवा, म्हणजे वंगण गोठत नाही. एक जादा बल्ब नेहमी घरात असू द्या, आणि त्याचा संकेत मशीनच्या तळाला चिठ्ठीवर लिहून चिकटवा.